पर्यायी सर्व्हर : प्रत्यक्ष की आभासी?

२२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, जबलपूर शहर झोपेतून हादरून जागे झाले. ५.८ क्षमतेचा तो भूकंप नर्मदेच्या खोऱ्याखाली सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर झाला होता. शहरापासून जवळच असलेले कोसमघाट हे खेडे जवळजवळ जमीनदोस्त झाले. जबलपूरबरोबरच मंडला, सिवनी आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतही घरांची मोठी पडझड झाली आणि किमान ३८ माणसे मृत्युमुखी पडली. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर देशातील भूकंपमापन केंद्रांची सुधारणा करण्यात आली होती. त्या सुधारित केंद्रांनी हा धक्का तपशीलवार टिपला आणि नर्मदेच्या काठाने जाणारी प्राचीन भूगर्भीय भेग अद्याप शांत झालेली नाही, हे अभ्यासकांच्या पुन्हा एकदा ध्यानी आले.

त्या काळी बहुतेक कार्यालयांचा, दवाखान्यांचा आणि पेढ्यांचा कारभार कागदावर चालत असे. कागदाला वाळवी लागते आणि तो भिजतोही, हे खरे. परंतु पडलेल्या भिंतीखालून काढलेली खतावणी धूळ झटकून वाचता येते. आज तीच माहिती कार्यालयाच्या कोपऱ्यातील एका थंड खोलीत, हातभर उंचीच्या यंत्रात साठवलेली असते. यंत्रातील तबकडीवर तुळई कोसळली, तर झटकून वाचण्यासारखे काही उरत नाही. म्हणूनच मूळ सर्व्हर निकामी झाल्यास काम चालवण्यासाठी दुसरा, पर्यायी सर्व्हर असावा, याविषयी आता कोणाचे दुमत नाही. मतभेद आहेत ते त्याच्या स्वरूपाविषयी. दुसरे यंत्र विकत घेऊन ठेवावे की ‘आभासी’ सर्व्हरवर विसंबावे, हा प्रश्न अधारताल वा रिछाई येथील कारखानदारापासून राइट टाउनमधील सनदी लेखापालापर्यंत अनेकांपुढे आहे.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. यंत्र विक्रेता यंत्राची शिफारस करतो आणि भाड्याने सेवा देणारा सेवेची. त्यात हिशेबाची दृष्टी आपली भर घालते. विकत घेतलेले यंत्र मालमत्तेच्या नोंदवहीत चढते, त्यावर घसारा मिळतो, त्यासाठी मुदतीचे कर्जही मागता येते आणि पाहुण्याला ते दाखवताही येते. आभासी सर्व्हरचे मात्र दरमहा देयक तेवढे येते. व्यावसायिकाचा कल यंत्राकडे झुकतो, यामागे तंत्रज्ञानापेक्षा या मानसिकतेचाच वाटा मोठा असावा.

आभासी सर्व्हर म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. नेहमीच्या सर्व्हरमध्ये कार्यप्रणाली, आज्ञावली आणि माहिती या साऱ्या गोष्टी त्या विशिष्ट यंत्राच्या सुट्या भागांशी जखडलेल्या असतात. आभासी सर्व्हरमध्ये संपूर्ण संगणक हाच एका मोठ्या फाइलच्या रूपात ठेवलेला असतो आणि एका भक्कम यंत्रावरील नियंत्रक आज्ञावली असे अनेक ‘संगणक’ एकाच वेळी चालवते. ही कल्पना नवी नव्हे. मोठ्या संगणकांवर ती १९७२ पासूनच व्यापारी स्वरूपात उपलब्ध होती आणि कार्यालयांतील सामान्य सर्व्हरवर ती २००१ नंतर रुळली. तिचा लाभ आपत्तीच्या वेळी विशेष जाणवतो. पाच वर्षांपूर्वीच्या यंत्रावरील कारभार नव्या, निराळ्या बनावटीच्या यंत्रावर जसाच्या तसा उभा करणे हे किती कटकटीचे काम असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. फाइलला मात्र कोणत्या कंपनीचे यंत्र खाली आहे, याचे सोयरसुतक नसते. ती उचलून दुसरीकडे ठेवली की काही मिनिटांत सर्व्हर सुरू होतो.

एवढ्यावरून आभासी सर्व्हरच्या बाजूने कौल देऊन मोकळे होता आले असते. परंतु त्या फाइलला जबलपूरपर्यंत परत यायचे आहे की नाही, हा मुद्दा राहतो, आणि तोच निर्णायक आहे. समजा, एखाद्या संस्थेची २ टेराबाइट माहिती हैदराबादेतील एका डेटा सेंटरमध्ये सुखरूप आहे आणि येथील मूळ यंत्र नष्ट झाले आहे. १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून, ती एक क्षणही न मंदावता चालली तरी, एवढी माहिती परत आणण्यास सुमारे ४४ तास लागतात. भूकंपानंतरच्या शहरात अशी जोडणी सलग दोन दिवस मिळेल, अशी आशा कोणी धरू नये. याउलट दिवसभरात बदललेली माहिती, ती १० गिगाबाइट असल्यास, त्याच जोडणीवरून पाऊण नव्हे, पाव तासात बाहेर पाठवता येते. यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. दूरवरचा आभासी सर्व्हर माहिती परत आणण्यासाठी नसून काम तेथूनच चालवण्यासाठी असतो.

मग संस्थेने स्वतःला विचारावयाचा प्रश्नही बदलतो. शहरावर आपत्ती कोसळेल त्या दिवशी या संस्थेचे काम कोठे असेल?

तयार कपड्यांचा एखादा कारखानदार घ्या. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या शिलाईयंत्रांवर काम होणारच नाही. त्याला हवे असते ते देणे-घेणे, मालाच्या मागण्या, कामगारांचे वेतन आणि कराची विवरणपत्रे. हे सारे नागपुरातील नातलगाच्या घरी बसून लॅपटॉपवरूनही करता येते. त्याच्यासाठी दुसरे यंत्र विकत घेणे म्हणजे उधळपट्टी. शहराबाहेरचा आभासी सर्व्हर त्याला पुरेसा आहे, आणि तोच योग्य आहे. लेखापाल, विमा अभिकर्ता, शिक्षणसंस्था, सहकारी पतसंस्था यांचेही बहुतांशी असेच.

रुग्णालयाची गोष्ट मात्र निराळी आहे. नेपियर टाउनमध्ये चाळीस खाटांचे एखादे रुग्णालय आहे, असे कल्पून पाहावे. ज्या रात्री शहराची केबल तुटेल, नेमक्या त्याच रात्री तेथे जखमींची रीघ लागेल. कोणत्या रुग्णाला कोणत्या औषधाचे वावडे आहे, डायालिसिसच्या रुग्णाची पुढची पाळी कधी आहे, रक्तगट कोणता, ही माहिती हैदराबादेत कितीही सुरक्षित असली तरी जबलपुरातल्या डॉक्टरच्या हाती ती येणार नाही. अशा संस्थेला दुसरे प्रत्यक्ष यंत्र हवेच. ते त्याच खोलीत नव्हे, तर आवारातील दुसऱ्या इमारतीत, शक्यतो एकमजली आणि भक्कम बांधकामात, स्वतंत्र यूपीएस आणि जनित्रासह असावे. त्यावर सर्व्हरची आभासी फाइल चालवता येईल अशी व्यवस्था असली की यंत्राची बनावट जुळवण्याचा त्रासही उरत नाही. म्हणजे रुग्णालयाच्या बाबतीत प्रत्यक्ष आणि आभासी हा वाद मुळातच टिकत नाही. यंत्र प्रत्यक्ष आणि त्यावरचा सर्व्हर आभासी, अशी सांगड घालावी लागते. शिवाय शहराबाहेर एक प्रत लागतेच, कारण दुसरी इमारतही त्याच जमिनीवर उभी असते.

रुग्णालयाचे उदाहरण मुद्दाम घेतले, त्याला आणखी एक कारण आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद करण्यात आली, असे शासनाने नंतर संसदेत सांगितले. भूकंप नाही, पूर नाही, एक वीटही हलली नाही. तरीही देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाला नोंदणी, तपासण्यांचे अहवाल आणि देयके यांचा कारभार कित्येक दिवस हाताने लिहून चालवावा लागला. जबलपूरकरांनी भूकंपाचे भय बाळगावे हे रास्तच. पण संभव मोजायचा तर या दुसऱ्या आपत्तीचा संभव कितीतरी अधिक आहे. आणि तिच्यापुढे प्रत्यक्ष काय, आभासी काय, दोन्ही सर्व्हर सारखेच दुबळे ठरू शकतात. मूळ सर्व्हरवरील प्रत्येक बदल क्षणाक्षणाला दुसऱ्यावर उतरत असेल, तर हल्लेखोराने केलेला बदलही तितक्याच इमानाने तेथे उतरतो. दुसऱ्या सर्व्हरला चांगले-वाईट कळत नाही. चालता पर्यायी सर्व्हर आणि माहितीची जुनी प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे अनेक विक्रेते ग्राहकाला सांगण्याचे टाळतात. कदाचित त्यांच्याही ते ध्यानात नसते.

आभासी सेवेविषयीचा भाबडा विश्वासही तितकाच घातक होय. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका मोठ्या सेवा कंपनीच्या डेटा सेंटरची इमारत आगीत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांच्या पर्यायी प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांची माहिती कायमची गेली. ‘क्लाउड’ या शब्दाने ती कोठेतरी आकाशात तरंगत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी यंत्रावरच असते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगलकडील संपूर्ण खाते रचनेतील एका चुकीमुळे पुसले गेले. निधीचे सभासद सहा लाखांहून अधिक, आणि आठवडाभर त्यांना आपली खाती पाहता येईनात. निधी तरला तो केवळ एका दूरदृष्टीमुळे : त्याने आणखी एका निराळ्या कंपनीकडे प्रती ठेवल्या होत्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागून ७०९ प्रणाली ठप्प झाल्या आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर प्रत ठेवली नव्हती, असे कारण पुढे आले. माहिती जितकी मोठी तितकी प्रत आवश्यक, असे सामान्य माणूस म्हणेल. तेथील व्यवस्थेने नेमका उलटा विचार केला होता.

म्हणून एक तिसरी प्रत, कोणत्याही तारेला न जोडलेली, संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात असणे इष्ट आहे. दर आठवड्याला एका बाह्य हार्ड डिस्कवर कुलूपबंद स्वरूपात घेतलेली आणि दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत कोणत्याही हल्लेखोराच्या हाती लागत नाही. हा उपाय जुन्या वळणाचा वाटेल. त्याचा खर्चही इतका क्षुल्लक आहे की त्याची शिफारस करण्यात कोणत्याच विक्रेत्याला स्वारस्य नसते.

दुसरे गाव कोणते, हा प्रश्न जबलपूरच्या बाबतीत मनोरंजक आहे. येथील मराठी माणसाला नागपूर आठवते, आणि ते साहजिकच आहे. १७९८ पासून सुमारे दोन दशके या भागावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता; पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली; १९३६ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे उच्च न्यायालय १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय होऊन जबलपुरात आले. अडीच-पावणेतीनशे किलोमीटरचा हा रस्ता कितीतरी कुटुंबांच्या पायाखालचा आहे. भावनेबरोबर भूगर्भशास्त्रही येथे साथ देते. २००२ च्या भारतीय मानक संहितेने जबलपूरला भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात, तर नागपूर आणि हैदराबाद यांना दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात ठेवले. अर्थात विभागांवर आंधळेपणाने विसंबू नये. १९९३ मध्ये लातूर-उस्मानाबादचा परिसर तेव्हाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित विभागातच होता. मुंबईला भूकंपापेक्षा पाण्याचे भय मोठे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. सर्वस्वी निर्धोक गाव अस्तित्वात नाही. दोन्ही ठिकाणे एकाच भेगेवर, एकाच नदीकाठी आणि शक्य तर एकाच वीजवाहिनीवर नसावीत, एवढे मात्र पाहता येते. भेडाघाटच्या कारखान्याची प्रत बरगी धरणाजवळच्या फार्महाउसवर ठेवणाऱ्याने अंतर मोजले, पण नदी विसरली, असे म्हणावे लागेल.

प्रत्यक्ष यंत्राचाच आग्रह धरावा, अशी काही ठिकाणे रुग्णालयांखेरीजही आहेत. कारखान्यातील जुने नियंत्रण संगणक विशिष्ट कार्डाशिवाय चालत नाहीत. काही आज्ञावल्यांचा परवाना यंत्राच्या पाठीमागे खुपसलेल्या डोंगलमध्ये असतो. अशांना आभासी रूप देणे जमतेच असे नाही. मात्र पडून राहिलेले यंत्र हीदेखील एक स्वतंत्र काळजी असते. त्याच्या बॅटऱ्या उतरतात, तबकड्या अडकतात, पंख्यांत धूळ साठते. जबलपूरच्या मे महिन्यातील उकाड्यात बंद खोलीत ठेवलेले यंत्र तीन वर्षांनी प्रथमच सुरू करण्याची वेळ आपत्तीच्या दिवशी यावी, यासारखा दुर्विलास नाही.

खर्चाविषयी दोन शब्द. आभासी सर्व्हर स्वस्तच असतो, ही समजूत २०२३ नंतर तपासून घ्यावी लागते. त्या वर्षाअखेर ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणीची पद्धत आणली. अनेक ग्राहकांचा खर्च त्यामुळे वाढला. केव्हीएमसारखी मुक्त प्रणाली २००७ पासून लिनक्समध्येच अंतर्भूत आहे आणि लहान संस्थेला ती पुरते. फक्त ती जाणणारा माणूस हवा. भाड्याने घेतलेल्या सेवेतही एक मेख असते. माहिती नुसती ठेवण्याचे भाडे अल्प, पण आपत्तीच्या दिवसांत तेथे सर्व्हर पूर्ण क्षमतेने चालवण्याचे आणि माहिती परत आणण्याचे शुल्क वेगळे. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्या पंधरा दिवसांच्या देयकाचा अंदाज लेखी मागावा.

आणि समजा, सारे काही उभारले. तरी ते वापरायचे कोणी ठरवायचे? २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. पर्यायी केंद्र सज्ज होते. तरीही व्यवहार तिकडे हलवण्यात आले नाहीत. थोड्या वेळात मूळ केंद्र सुरू होईल, या आशेत तास निघून जातात, हा मानवी स्वभावच आहे. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम घालून दिला की बिघाड झाल्यापासून तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि जाहीर केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करावे. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने चालू व्यवहार मुद्दाम पर्यायी केंद्रावर हलवून पाहिले. एवढ्या मोठ्या संस्थेला सुट्टीच्या दिवशी रंगीत तालीम करावीशी वाटते, तर चाळीस खाटांच्या रुग्णालयाने किंवा शंभर कामगारांच्या कारखान्याने वर्षातून दोनदा तरी ती करण्यास हरकत नसावी.

ही तालीम फार अवघडही नाही. एका रविवारी मूळ सर्व्हरची तार काढून ठेवावी, पर्यायी सर्व्हर सुरू करावा, आणि रोजच्या कर्मचाऱ्याला, तंत्रज्ञाला नव्हे, एक पावती, एक देयक आणि गेल्या महिन्यातील एक नोंद काढावयास सांगावी. लागलेला वेळ घड्याळ लावून लिहावा. बहुतेक ठिकाणी पहिल्या तालमीत सर्व्हरपेक्षा भलत्याच गोष्टी आडव्या येतात : पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे असतो, सेवा कंपनीचा संकेत एका जुन्या मोबाइल क्रमांकावर जातो, तर कुलूपबंद प्रतीची किल्ली त्याच मूळ सर्व्हरवर साठवलेली आढळते. म्हणून आपत्ती कोणी जाहीर करावयाची, तो गावी नसल्यास कोणी, संपर्क कोणाशी साधावयाचा आणि किल्ली कोठे आहे, हे एका कागदावर छापून त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात : एक मालकाच्या घरी आणि दुसरी, ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी, बँकेच्या लॉकरमध्ये, मात्र शहराबाहेरच्या शाखेत.